ऊन दाखवलेली तबकडी

आमच्या घरात पत्र एकट्याने वाचायची पद्धत नव्हती. पत्र आलं की मामंजी पडवीत खुर्ची ओढून बसत, पंच्याने चष्मा पुसत, आणि सासू, मी, शिवाय कोणी शेजारीण विस्तव मागायला आलेली असेल तर तीही, अशी सगळी ऐकायला उभी राहत. मामंजी तरुणपणी गलबतावर तांडेल होते. वाऱ्यापावसात खलाशांना हुकूम देऊन देऊन आवाज तयार झालेला. 'तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार' हे ते अशा आवाजात वाचत, की वाडीतल्या चार घरांना नमस्कार पोचावा.

पत्र माझ्या नवऱ्याचं असे. तो मालवाहू बोटीवर इंजिनखोलीत कामाला. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि आम्ही एकत्र राहिलो ते सगळे दिवस मोजले तर पाच महिनेही भरले नसते. पत्रात हवापाणी, बंदरं, बाबांच्या खोकल्याची चौकशी, आणि अगदी शेवटी, 'घरातील सर्वांनी प्रकृतीस जपावे.' त्या सर्वांत मी, सासू आणि गोठ्यातली म्हैस, तिघी आलो. समोर मी त्याला 'तुमी' म्हणायची, पण मनात कायम 'तू'च. इथेही मनातलंच लिहिते.

मला राग यायचा. एवढा समुद्र ओलांडून जाणारा माणूस, त्याला बायकोला सांगण्यासारखं एक वाक्य सुचू नये? मग थोड्या वेळाने राग उतरायचा. सुचलं तरी लिहिणार कसं? वाचणार मामंजी, आणि तेही त्या आवाजात.

सन साठ उलटून काही वर्षं झाली होती. पाऊस तोंडावर आला होता, बंद व्हायच्या आधीची शेवटची आगबोट विजयदुर्गाला लागली, आणि त्याच्याच बोटीवरचा एक सोबती आमच्याकडे पार्सल देऊन गेला. मामंजींना छत्री, सासूला अंगाला लावायचं मलम आणि एका चौकोनी पुठ्ठ्यात काळी कुळकुळीत गाण्याची तबकडी. सोबत पत्र. मामंजींनी ते नेहमीप्रमाणे गर्जून वाचलं. शेवटी होतं, 'तबकडी घरात ऐकावी. आल्यावर मी विचारीन, त्यातील कोणते गाणे अधिक आवडले.'

मामंजी थांबले. चष्म्यावरून बघत म्हणाले, "ह्यो कोणाक इचारतलो?"

"माका नाय," सासू म्हणाली आणि चुलीकडे निघून गेली.

माझ्याकडे कोणी बघितलं नाही, म्हणूनच मला कळलं. त्याने मला विचारलं होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा, सगळ्यांच्या देखत आणि तरी फक्त मला. तो मार्गशीर्षात येणार होता. तोवर मला ती तबकडी ऐकायची होती आणि त्यातलं एक गाणं शोधून ठेवायचं होतं. दुसरं काही मला त्या वर्षी नको होतं.

पुठ्ठ्यावर एका काळ्यासावळ्या माणसाचा फोटो. डोळे मिटलेले, मांडीवर गिटार, तिच्या तारांवर लांब बोटं. "आपल्याच बाजूचो दिसता," सासू म्हणाली. मामंजींनी फोटो लांब धरून पाहिला आणि निकाल दिला, "डोळे मिटून वाजवता म्हंजे भजनी आसतलो."

गावात एकच फोनो होता, खोतांकडचा, चावी देऊन चालणारा. खोतांनी तबकडी हातात घेतली, नखाने कड चाचपली आणि परत दिली. आमच्या फोनोची सुई लोखंडी, ही मऊ तबकडी ती सोलून काढील, म्हणाले. हिला हळू फिरणारं यंत्र लागतं, ते तळेऱ्याला दवाखान्याच्या डॉक्टरांकडे आहे, सेलवर चालतं. मी तळेऱ्याला जायचं मनात धरलं आणि पाऊस सुरू झाला. लावणी, मग तण काढायची बेणणी, मग चतुर्थी. चार महिने तबकडी ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत पडून राहिली. मी अधूनमधून झाकण उघडून त्या मिटलेल्या डोळ्यांच्या माणसाला बघून घ्यायची. विचारायची, काय रे बाबा, कधी गातोस?

दसरा झाला. आमच्याकडे पाऊस सरला की घरातलं सगळं उन्हात काढतात. गोधड्या, लुगडी, पोथ्या, लोणच्याच्या बरण्या, मामंजींची जुनी कातडी पेटी. चार महिन्यांत जे जे ओलं झालं, त्याला ऊन दाखवायचं, म्हणजे वर्षभराची काळजी मिटली. मी ट्रंक उघडली तर पुठ्ठ्यावर बुरशी, आणि तबकडीवरही पांढुरके डाग. मऊ फडक्याने पुसली तरी डाग जाईनात. मग मी केलं ते कोकणातल्या कुठल्याही शहाण्या बाईने केलं असतं. सूप धुऊन पालथं घातलं, त्यावर तबकडी ठेवली आणि खळ्यात भर उन्हात नेऊन ठेवली.

वर काठी घेऊन राखायला बसले. कावळा येऊ दिला नाही, कोंबडी येऊ दिली नाही. म्हशीचं पारडू तिकडे वळलं तर त्याला असं हाकललं, की ते संध्याकाळपर्यंत माझ्याकडे आलं नाही. तासाभराने उठून बघते तर तबकडीची कड पापडासारखी वर आलेली. एका बाजूला वर, दुसऱ्या बाजूला खाली. मी तिच्यावर बोट ठेवलं, तर चटका बसला. सगळ्यांपासून राखली आणि जे वरून बघत होतं त्याच्याकडे माझं लक्षच नव्हतं.

मी रडले नाही. आधी मी स्वतःला शिव्या घातल्या, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. मग तबकडी आत आणली, दोन पाटांच्या मध्ये ठेवली आणि वर वाटणाचा पाटा उचलून ठेवला. दोन दिवस तो मी तिथून हलवला नाही. तिसऱ्या दिवशी बाजारातून बांगडे आले आणि सासू स्वैपाकघरात फिरू लागली.

"पाटो खंय गेलो गो?"

तिने कोपऱ्यातला ढीग पाहिला, खालचा पाट जरा उचलला, काळी कड पाहिली. मला वाटलं, आता माझ्या सात पिढ्यांचा उद्धार होणार. तिने पाटा उचलून चुलीपाशी नेला, वाटण केलं, आणि बांगडे घेऊन येऊन त्या पाटांवर स्वतः बसली. तिथेच विळी पुढ्यात ओढून मासे कापू लागली.

"माजां वजन कामाक येवंदे," म्हणाली. "झिलान धाडल्यान हा. आणि तळेऱ्याक जातलंस तर माजो गुडघो दुखता म्हणान सांग. मामंजी नाय म्हणूचे नाय."

आठवडाभर सासू कांदा त्या पाटांवर बसून चिरत होती, नारळ त्यांच्यावर बसून किसत होती. गुडघा दुखत असता तर तिला तिथून उठताच आलं नसतं. पण मामंजींनी ताकास तूर लागू दिली नाही, किंवा त्यांच्या लक्षातच आलं नाही. दुखणारा गुडघा घरी राहिला आणि औषधाला मी एकटी एसटीने तळेऱ्याला गेले.

डॉक्टरांची बायको पुण्याकडची. गोरी, बारीक, केसांत अबोली. मी पिशवीतून औषधाच्या बाटलीबरोबर तबकडी काढली तशी ती खुलली. त्या लहानशा गावात तिच्याकडे औषधाव्यतिरिक्त काही मागायला आलेली मी पहिलीच असेन. "अगं बाई, हे कुठून मिळालं तुम्हाला?" म्हणून तिने पुठ्ठ्यावरचं इंग्रजी वाचलं. हा स्वतःच गातो आणि स्वतःच गिटार वाजवतो, म्हणाली. सोल आणि जॅझ. सोल म्हणजे आत्मा. मी मनात म्हटलं, मामंजी काही फार चुकले नाहीत.

मग तिने तबकडी पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. मधला भाग सपाट झाला होता, कड अजून लाटा खात होती. "उन्हात होती का?" मी मान खाली घातली. तिने यंत्र लावलं, सुई कडेला टेकवली. सुई वर गेली, खाली आली, उडी मारून कुठल्या कुठे गेली. पुन्हा ठेवली, पुन्हा तेच. प्रत्येक बाजूला पाच गाणी होती. पहिलं लागेना, दुसरं लागेना, तिसऱ्या-चौथ्याची नुसती लक्तरं ऐकू आली. शेवटचं, अगदी मधल्या कागदाजवळचं, तेवढं धड लागलं. बाजू पालटली, तिथेही तसंच. दहातली दोन.

पण ती दोन! पहिल्या बाजूचं जरा चपळ होतं, मागे तुताऱ्यांसारखं काही वाजत होतं, ढोल होता. तो एक ओळ गायचा आणि पुढची ओळ गिटारवर वाजवायचा, की ती गिटारच बोलतेय असं वाटावं. दुसऱ्या बाजूचं मात्र निराळं होतं. सुरुवातीला फक्त गिटार, एकेक सूर सुटा, मध्ये भरपूर जागा सोडलेला. मग त्याचा आवाज आला. जाडसर, तळाशी जरा खरखर असलेला, आणि अजिबात घाई नसलेला. कुणातरी एकाच माणसाला तो काही सांगत होता, तेही ते माणूस समोरच बसलेलं असावं तसं. आमच्या घरात इतक्या हळू कोणी कोणाशी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही.

पुढे मागच्या बायका त्याला साथ द्यायला लागल्या. त्याने एक म्हणायचं, त्यांनी होकार भरायचा, पुन्हा त्याने म्हणायचं. आमच्या देवळात गुरव गाऱ्हाणं घालतो, देवाला एकेक गोष्ट सांगत जातो आणि जमलेले सगळे प्रत्येक वाक्याला होकार देतात, अगदी तसं. माझ्या नकळत माझ्या तोंडून निघालं, "व्हय म्हाराजा." डॉक्टरांची बायको हसून हसून लोळायची बाकी राहिली. मग तिने गाणं पुन्हा लावलं, आणि दुसऱ्या खेपेला तीही माझ्याबरोबर म्हणाली.

"अर्थ सांगू का?" तिने विचारलं.

"नको," मी म्हटलं. माझ्या नवऱ्यालाही इंग्रजी येत नव्हतं. त्याने जसं ऐकलं असेल तसंच मला ऐकायचं होतं.

मार्गशीर्षात तो आला. काळवंडलेला, बारीक झालेला. पडवीत माणसं जमली, चहा फिरला, आणि त्याने सगळ्यांकडे बघत, पण दाराकडे आवाज टाकत विचारलं, "मगे, ती तबकडी कोणी आयकली की नाय?"

मामंजी म्हणाले, "माका काय ठावक? हिका इचार."

मी दाराआड होते. खरं सांगायचं म्हणून आठ दिवस वाक्यं जुळवून ठेवली होती, ती सगळी बाजूलाच राहिली. मी म्हटलं, "सगळीच बरी आसत."

खोटं बोलले. त्याने मला एक गोष्ट विचारली होती, आणि तिचं मी हे असलं उत्तर दिलं, नवऱ्याने आणलेली भाजी कशी आहे विचारल्यासारखं. तो चहाकडे वळला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर गेले. आमच्या विहिरीवर पायरहाट होता. आडव्या दांडीवर बसायचं, पायांनी चाक ढकलायचं, माळेतली मडकी खाली जाऊन भरून वर येतात आणि पाणी पन्हळीतून माठाच्या नि वालीच्या आळ्यांत जातं. तो रहाटावर बसला होता. शेजारी दगडावर पुठ्ठा, आणि त्याच्या हातात तबकडी, डोळ्यांसमोर आडवी धरलेली.

"ऊन दाकवलंस मां?" त्याने विचारलं.

मग मी रडले. बुरशी, सूप, कावळे, पाटा, सासू, तळेरं, सगळं एका दमात सांगून टाकलं. वर भांडायलाही तयार होते, की पाठवायची तर वाजवायचं यंत्र पाठवायचं, चार महिन्यांच्या पावसात मी काय करणार होते. पण तो भांडेना. सासू पाटांवर बसली इथे पोचले तेव्हा तो एवढा हसला, की रहाटाच्या दांडीवरून घसरला.

"म्हंजे दोनच आयकलंस."

"दोनच."

"आणि सगळीच बरी?"

तो पुन्हा दांडीवर बसला. सांगू लागला, की बोटीवर तारा पाठवणाऱ्या तारसाहेबाच्या खोलीत गाणी वाजवायचं यंत्र होतं. आपली पाळी संपली की हा त्या बंद दाराबाहेर बादली उपडी घालून बसायचा. पूर्ण एका सफरीत तारसाहेबाने हीच तबकडी लावली. दार कधी उघडलं नाही, याने कधी ठोठावलं नाही. पण दहाही गाणी त्याला ओळीने पाठ झाली होती, पुढचं कुठलं येणार हे झोपेतही सांगता आलं असतं. "आठ रवली मगे," तो म्हणाला. "आयक."

आणि त्याने पायाने चाक ढकललं आणि पहिलं गाणं सुरू केलं.

माझ्या नवऱ्याला त्याआधी कधी गाताना कोणी ऐकलं नव्हतं. आरतीतही तो नुसत्या टाळ्या वाजवायचा. आवाज काही खास नव्हता, वर गेला की फाटायचा. गिटारची जागा तो तोंडाने भरायचा, तुताऱ्यांसाठी गाल फुगवायचा. इंग्रजी शब्द आठवले नाहीत की बंदरांची नावं घालायचा, एडन, मोंबासा, कोलंबो, आणि ती चालीत चपखल बसायची. रहाट कुरकुरत होता, मडकी ओतली जात होती, आणि त्याच तालावर तो मान हलवत गात होता. मधेच माझ्याकडे बघायचा आणि लाजून नजर पन्हळीकडे न्यायचा. त्या माणसाशी माझं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती, पण ओळख मला वाटतं त्या सकाळी झाली.

सुट्टी सहा आठवड्यांची होती. रोज सकाळी एक, कधी दोन गाणी. मी माठ खुडायच्या निमित्ताने तिथे असायची. आमच्या भाजीला इतकं पाणी आधी कधी मिळालं नव्हतं. "पाणी आळ्यात जाता की गाण्यात?" मामंजी पडवीतून ओरडायचे. पुढे कैक वर्षांनी घरात वीज आली, यंत्र आलं, आणि त्याने हीच तबकडी नवी कोरी आणली. खोटं कशाला बोलू, तो गिटारवाला माझ्या नवऱ्यापेक्षा शंभर पटीने बरा गातो. अजून ऐकते. त्याचा तो धीर, ती जागा सोडण्याची रीत, दुसऱ्या कुणाला जमलेली मी ऐकली नाही. पण ती तबकडी मी उन्हात घातली नसती तर रहाटावर कोणी गायलंच नसतं, हेही खरं.

जायच्या दिवशी आम्ही सगळे विजयदुर्गाच्या धक्क्यावर गेलो. आगबोट लांब उभी होती, तिच्यापर्यंत न्यायचा पडाव लागला होता. तो सगळ्यांच्या पाया पडला, पेटी पडावात दिली, एक पाय आत टाकला. आणि वळून, मामंजींच्या देखत, सरळ माझ्याकडे बघून म्हणाला, "मगे, खंयचां?"

पत्रातलाच प्रश्न, कुठलं गाणं. असं कोणी करत नसे त्या काळी. माझे कान तापले. तरी मी बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "रहाटावरचां."

"काय खंयचां?" मामंजींनी विचारलं. तोवर पडाव सुटला होता.

दीड महिन्याने पत्र आलं. नमस्कार, हवापाणी, खोकला, सगळं झालं आणि शेवटी मामंजी वाचता वाचता अडखळले. 'रहाट कसा चालतो ते कळवावे.' त्यांनी पत्र उलटून पाहिलं. "रहाटाक काय धाड भरली? ह्यो बोटीवर बसान रहाटाची चौकशी कित्याक करता?" सासूने पदर तोंडाला लावला. मामंजी उठून विहिरीवर गेले, चाक हलवून बघितलं, कण्याला खोबरेल घातलं आणि उत्तरात लिहिलं, 'रहाट उत्तम आहे.'

त्यानंतर एकही पत्र रहाटाशिवाय आलं नाही. जवळजवळ तीन वर्षं मामंजी दर पत्रानंतर विहिरीवर जाऊन कण्याला तेल घालत होते. पत्र वाचलं जायचं तेव्हा मी दारात उभी असायची, आता दाराआड नाही.

मग विहिरीवर इंजिनाचा पंप बसला आणि रहाट काढून गोठ्यामागे टाकला. पुढच्या पत्रातही चौकशी होतीच. मामंजी उत्तर लिहायला बसले. लिहिता लिहिता मोठ्याने म्हणायची सवय. "रहाट... मोडीत..."

"मामंजी, तसां लिवू नकात," मी म्हटलं.

पत्रात काय लिहायचं हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला. माझ्याकडे बघितलं, मग गोठ्याकडे. मग लिहिलेलं खोडलं आणि नवीन वाक्य लिहिलं, आवाज न करता. मी वाचलं ते नंतर. 'रहाट चालू आहे.'

"इतकी वर्सां तेल घालतंय," ते म्हणाले, "कोणीतरी सांगूचां तरी." आणि कागद, दौत, टाक माझ्यापुढे सरकवले. "खाली जागा आसा. तू लिव."

मी लिहीत होते तेवढा वेळ ते खळ्यात जाऊन उभे राहिले, पाठ करून. लिहून झालं तेव्हा आत आले, कागदाची घडी घातली आणि न वाचता पाकीट चिकटवलं.